आजार रेड्याला, औषध पखालीला: लॅपटॉप-मोबाईल बदलायच्या आधी

गुहागर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा: 2017 साली घेतलेला लॅपटॉप सुरू व्हायला बारा-पंधरा मिनिटं घेतो. एका दुकानात दाखवला तर ‘मदरबोर्ड कमजोर झालाय, नवीनच घ्या’ असं सांगितलं. मोबाईल सारखा ‘जागा नाही’ म्हणतो. रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी चाळीस टक्के, आणि चार्जिंगला असताना स्क्रीन अंगात आल्यासारखा वागतो. मध्येच लॅपटॉपवर ‘व्हायरस आलाय, या नंबरवर फोन करा’ असा लाल पडदाही आला होता. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची 2006 सालची स्मरणिका वर्डच्या फाइलींत आहे, ती उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. नातू म्हणतो, आजी, सगळं भंगारात दे. काय करू?

बाई, नमस्कार.

भंगारात काहीही देऊ नका. तुमच्या दुखण्यांपैकी बहुतेक घरीच, एक पैसा न घालता बरी होतील. लॅपटॉपला थोडा खर्च आहे. आणि स्मरणिकेचं जे झालंय तो बिघाडच नाही. मोडी लिपीतला कागद वाचता येत नाही म्हणून कुणी तो फाटलाय म्हणत नाही, तसंच ते.

चिपळूणला मी 22 वर्षं हे दुरुस्तीचं काम करतोय. यंत्र ज्या जागी कुरकुरतं तिथे दोष क्वचित असतो, हे एवढ्या वर्षांत पक्कं कळलंय. स्क्रीन नाचतो म्हणून लोक स्क्रीन बदलतात आणि दोष असतो चार्जरात. लॅपटॉप मंद झाला की खापर मदरबोर्डवर. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. म्हणून माझा नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. वायर आणि चार्जर दोन्ही एकदम बदललेत आणि काम झालं, तर दोषी कोण ते कळतच नाही. मग ती खराब वायर ड्रॉवरमध्ये जाऊन बसते आणि चार महिन्यांनी पाहुण्यांच्या हातात पडते.

आधी लॅपटॉप. मदरबोर्ड ‘कमजोर’ होत नसतो. तो चालतो, किंवा चालत नाही, किंवा मधूनच बंद पडतो. वय झालं म्हणून सावकाश चालायला लागला, असं त्याचं नसतं. धुळीने पंखा तुंबला तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःहून वेग उतरवतो, हे खरं. पण ते अर्धा-पाऊण तास काम केल्यावर जाणवतं, सुरू होतानाच नाही. तुमचा सकाळी पहिल्या पाच मिनिटांत अडतो. म्हणजे गोष्ट वेगळी आहे.

ती बघायची कशी ते सांगतो. लॅपटॉप सुरू करा, चहा घेऊन या आणि डेस्कटॉप दिसला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी आली तर खाली ‘मोअर डिटेल्स’वर टिचकी मारा. वर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील, त्यांच्या डोक्यावर टक्के. माझा अंदाज असा की सीपीयू दहा-पंधरा टक्क्यांवर आरामात बसलेला असेल आणि डिस्कच्या रकान्यात 100 टक्के, लालभडक. तसं असेल तर निदान झालं. प्रोसेसर मोकळा आहे, तो हार्ड डिस्ककडून माल यायची वाट बघतोय.

2017 च्या मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेणारी हार्ड डिस्क असायची. म्हणजे सेकंदाला 90 फेरे. ऐकायला भरपूर वाटतं, पण वेगवेगळ्या जागी पडलेले तुकडे वाचायचे तर प्रत्येक वेळी वाचणारं टोक तिथवर सरकणार, मग तबकडी फिरून ती जागा खाली येईपर्यंत थांबणार. असे तुकडे सेकंदाला फार तर शंभरेक. शाळेचा दप्तरखाना आठवा. शिपाई एकच, फाइली हजार, आणि एका वेळी एकच फाइल आणायची. विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइली मागवते. 2017 मध्ये ती जेवढ्या मागवायची त्याच्या कितीतरी पट आज मागवते, कारण अपडेट, अँटिव्हायरस, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, नातवाने टाकलेले खेळ, सगळेच त्या एका शिपायाला हाका मारतात.

यावर उपाय एसएसडी, म्हणजे चिपांवर माल साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसतंच. तिथे तेच वाचन सेकंदाला हजारोंनी होतं. तुमच्या लॅपटॉपात अडीच इंची साटा एसएसडी बसेल. जुनी डिस्क आहे तशीच्या तशी नव्यावर उतरवून घेता येते, त्याला आम्ही क्लोन करणं म्हणतो. तुमचे फोटो, फाइली, डेस्कटॉपवरचा गणपती, सगळं जिथल्या तिथे राहतं. भाव सारखे हलतात म्हणून आकडा लिहीत नाही, पण नव्या लॅपटॉपच्या मानाने तो किरकोळ आहे. टास्क मॅनेजरमध्येच मेमरी (रॅम, म्हणजे चालू कामाची जागा) किती ते दिसेल. 4 जीबी असेल तर आणखी 4 टाकून घ्या. दोन्ही केल्यावर सुरू व्हायला अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या वर लागू नये.

तिथे असताना आणखी एक बघा. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूवर गेलात की खाली ‘अप टाइम’ लिहिलेलं असतं, म्हणजे यंत्र सलग किती वेळ चालू आहे ते. तुम्ही रोज रात्री शिस्तीने शट डाउन करत असाल. तरी तिथे 30-40 दिवस दिसले तर दचकू नका. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, शट डाउन म्हणजे पूर्ण बंद असं राहिलेलं नाही. उद्या लवकर उठता यावं म्हणून विंडोज आपला गाभा डिस्कवर लिहून झोपी जाते आणि सकाळी तोच उचलते, कालच्या अडकलेल्या गुंत्यासकट. ‘रीस्टार्ट’ मात्र खरोखर पाटी कोरी करतं. आम्ही फोनवर ‘रीस्टार्ट करून बघितलंत का’ विचारतो तेव्हा लोकांना वाटतं टाळतोय. टाळत नसतो. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करत जा.

डिस्क बदलण्याआधी मात्र एक काम, आणि इथे मी जरा हट्टी आहे. आठ-नऊ वर्षांची हार्ड डिस्क आहे, तिच्यावरचं जे काही पुन्हा मिळणार नाही ते आजच दुसरीकडे उतरवा. डिस्कमधून टिक्-टिक् किंवा खरखर ऐकू येत असेल तर लॅपटॉप बंद करा आणि तसाच घेऊन या. ‘डिस्क तपासा, दुरुस्त करा’ असला कुठलाही कार्यक्रम घरी चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला तिचं शेवटचं बळ माल बाहेर काढायला वापरू द्यायचं, कवायतीला नाही.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, ते तुम्हाला सांगायला नको. पुढचे दोन महिने माझ्या टेबलावर चिखलाच्या डिस्का होत्या. या डिस्कांना हवेसाठी एक बारीक भोक असतं, गाळणी लावलेलं; पुरात त्यातून गाळाचं पाणी आत जातं. ज्यांनी ‘चालू होतो का बघू’ म्हणून घरीच वीज जोडली, त्यांच्या बहुतेक गेल्या. ज्यांनी पिशवीत गुंडाळून तशाच आणल्या, त्यांच्यातल्या काही वाचल्या. पण खरी हळहळ वेगळीच होती. एका गृहस्थांनी लग्नाचे, मुंजीचे, वडिलांचे सगळे फोटो बॅकअप म्हणून बाहेरच्या डिस्कवर घेतले होते, अगदी वर्षावर्षाप्रमाणे लावून. आणि ती डिस्क ठेवली होती लॅपटॉपच्या शेजारच्याच कप्प्यात. दोन्ही एकाच पाण्यात. तेव्हापासून मी सांगतो, दुसरी प्रत त्या घरात नको. मुलीकडे पुण्याला ठेवा, गुगल ड्राइव्हवर ठेवा, पण त्या छपराखाली नको. आणि पेनड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे, ते निरोप पोचवायचं पाकीट आहे.

तुमच्या लॅपटॉपात बहुधा विंडोज 10 असेल, त्याचा प्रश्न उरतो. मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवली. घरगुती वापराला एक वर्षाची मुदतवाढ आहे; ‘विंडोज अपडेट’च्या पानावरून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी केली की 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळतात. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. 2017 च्या लॅपटॉपात सातवी पिढी असण्याची शक्यता जास्त, म्हणजे अधिकृतपणे तो बसणार नाही. आडवाटेने बसवून देणारे आहेत, मी ते गिऱ्हाइकाला करून देत नाही, कारण पुढच्या अपडेटला काय होईल याची हमी मलाच नसते. तुमचं काम मेल, बातम्या, टायपिंग आणि नातेवाइकांचे व्हिडिओ कॉल एवढंच असेल तर मुदत संपल्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून देईन. मराठी टायपिंग त्यात उत्तम चालतं. पहिले आठ दिवस तुम्ही मला शिव्या घालाल, नंतर विसराल.

त्या लाल पडद्याचं एवढ्यातच उरकतो, कारण त्यात काही दुरुस्त करायचं नाहीये. तो व्हायरस नव्हता, वेबपान होतं, तुम्ही कुठल्याशा जाहिरातीवरून तिथे पोचलात. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांत कधीही फोन नंबर नसतो. पडदा जात नसेल तर ऑल्ट आणि एफ-4 दाबा, नाही तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. तुम्ही फोन केला नाहीत, हे चांगलं केलंत. केला असता तर समोरच्याने ‘एक छोटं ॲप टाका, मी इथून दुरुस्त करतो’ म्हटलं असतं आणि तुमचा पडदा, पासवर्डासकट, त्याच्या हातात गेला असता. कुणाचे पैसे गेलेच तर बँकेआधी किंवा बँकेबरोबर 1930 या सायबर मदतक्रमांकावर लगेच फोन करायचा. जितका उशीर तितका पैसा पुढच्या खात्यांत पांगतो.

आता मोबाईल. चार्जिंग आणि नाचणारा स्क्रीन ही तुम्ही दोन दुखणी म्हणून लिहिलीत, मला ती सख्खी भावंडं वाटतात.

सुरुवात वायर जिथे खुपसतो त्या भोकापासून. मोबाईल बंद करा, खिडकीशी बसा आणि दुसऱ्या कुणाला टॉर्च धरायला सांगा. आत तळाशी करड्या रंगाचा थर दिसतो का बघा. पदराच्या, पिशवीच्या, खिशाच्या कापडाची कुसं आत जातात आणि दर वेळी वायर खुपसताना आपणच ती ठासून ठासून भरतो. वर्षा-दोन वर्षांत त्याची नमद्यासारखी गादी होते. मग वायर आत जाते, पण शेवटचा एक मिलिमीटर जात नाही. संपर्क अर्धवट, चार्जिंग अर्धवट. ओळखायची खूण: नीट बसलेली वायर ‘टक्’ करते आणि मोबाईल उलटा धरला तरी पडत नाही. तुमची पडत असेल.

लाकडी दातकोरणं घ्या आणि कडेकडेने, हलक्या हाताने खरवडत बाहेर ओढा. सुई नाही, टाचणी नाही, सेफ्टीपिन तर मुळीच नाही. टाइप-सीच्या भोकात मधोमध एक पातळ जीभ असते, सगळे संपर्क तिच्यावर असतात. ती वाकली की मग खरंच दुरुस्ती. फुंकरही मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. आपल्याकडे जूनपासून हवाच इतकी ओली असते की संपर्कांवर हिरवट बुरशीसारखा गंज धरतो. तसा दिसला तर पुढे जाऊ नका, दुकानात न्या. गेल्या पावसाळ्यात एक आजोबा ‘बॅटरी बदलायची’ म्हणून आले होते. त्यांच्या मोबाईलमधून तांदळाएवढी गादी निघाली, मी ती त्यांच्या तळहातावर ठेवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘हा तर माझ्या लेंग्याचा रंग.’

भोक साफ करूनही चार्जिंग हळू असेल तर वायर बदला. मग चार्जर. एकेक. लॅपटॉपच्या किंवा टीव्हीच्या मागच्या खाचेत वायर लावत असाल तर तिथून मुळातच तोळा-मासा वीज मिळते. रात्रभरात चाळीस टक्के याचं कारण एवढंच असू शकतं. जलद चार्जिंगला चार्जर आणि वायर दोन्ही त्या जातीचे लागतात. बसस्टँडवर मिळणारी वायर दिसायला तीच असली तरी आतली तार केसाएवढी असते.

स्क्रीन नाचण्याची परीक्षा सोपी आहे. चार्जिंग काढल्यावर स्क्रीन शहाण्यासारखा वागतो ना? मग एकदा पॉवर बँकेला लावून बघा. पॉवर बँकेवर ठीक आणि भिंतीवरच्या चार्जरवर नाचतो, असं असेल तर स्क्रीन निर्दोष आहे. आजचे स्क्रीन बोटामुळे होणारा विजेचा अगदी बारीक बदल मोजतात. स्वस्त चार्जरच्या आत गाळणी धड नसते, भिंतीतल्या विजेचा गोंगाट वायरवाटे मोबाईलच्या अंगात येतो आणि त्या गोंगाटालाच स्क्रीन बोटं समजतो. नवा स्क्रीन टाकलात तर तोही नाचेल. चांगला चार्जर घ्या, झालं.

याच वाटेवर एक विचारतो. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या कडेवरून हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं होतं का? होत असेल तर अडॅप्टरच्या वायरीचा प्लग बघा. तिसरी जाड पिन तुटली आहे का, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसलाय का? अडॅप्टरच्या रचनेतच थोडीशी वीज अर्थिंगवाटे जमिनीत जायची सोय असते. तिसरी पिन नसली की तिला वाट मिळत नाही, ती लॅपटॉपच्या अंगावर थांबते आणि तुमच्या हाताने खाली उतरते. सहसा धोका नसतो, पण जुन्या घरात कधी कधी पिन ठीक असते आणि भिंतीतलं अर्थिंगच बेपत्ता असतं. ते मग लॅपटॉपपुरतं राहत नाही. तीच भिंत गिझरला आणि वॉशिंग मशीनला वीज देते. वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या, यात काटकसर नको.

आणि मोबाईल पालथा टेबलावर ठेवून बघा. तो डुगडुगतोय, पाठ फुगलीय, कडेला फट दिसतेय, असं काही असेल तर बॅटरी फुगलीय. चार्ज करू नका, दाबून बसवू नका, टोचू तर अजिबात नका. बंद करून आणून द्या.

‘जागा नाही’ या वाक्याने जेवढा घोळ घातलाय तेवढा दुसऱ्या कशाने नसेल, कारण जागा दोन आहेत आणि दोन्हींना लोक जागाच म्हणतात. एक मोबाईलच्या पोटातली. दुसरी गुगलच्या खात्यातली, फुकट 15 जीबी, जीत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघं मिळून राहतात, आणि आता अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही तिथेच मोजला जातो. आधी सूचना नीट वाचा, कुठली जागा भरलीय ते. गुगलची भरलीय म्हणून मोबाईलमधले खेळ काढून काही होत नाही आणि मोबाईल भरलाय म्हणून मेल पुसून काही होत नाही. दोन्ही प्रकार करून दमून आलेली माणसं मी पाहिलीत.

मोबाईलच्या पोटातली जागा बहुतेक व्हॉट्सॲपने खाल्लेली असते. शाळेचा ग्रुप, माहेरचा, सासरचा, भजनी मंडळाचा, आणि प्रत्येकावर रोज सकाळी उगवता सूर्य. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’, त्यात ‘स्टोरेज व्यवस्थापित करा’. तिथे ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ असा वेगळा ढीग करून ठेवलेला असतो. तो ढीग डोळे मिटून पुसला तरी चालेल, त्यात तुमच्या घरचं काही नसतं. ‘5 एमबीपेक्षा मोठे’ मात्र डोळे उघडे ठेवून बघा, त्यात नातवाच्या गॅदरिंगचा व्हिडिओ असू शकतो. मग त्याच पानावरून मागे येऊन आपोआप डाउनलोड बंद करा, नाही तर महिन्याने पुन्हा हेच. आणखी एक गंमत: तुम्ही गॅलरीतून निवडून पाठवलेल्या फोटोची ‘सेंट’ नावाच्या फोल्डरात वेगळी प्रत साठते. म्हणजे एकच सूर्य दोनदा.

फोटोंच्या बाबतीत थांबून वाचा. गुगल फोटोमध्ये जाऊन फोटो डिलीट केला की तो मोबाईलमधून जातो आणि गुगलवरूनही जातो. ‘गुगलवर आहेतच की’ म्हणून फटाफटा पुसत गेलेल्या एका आईने मुलाचं अख्खं बालपण पुसलं होतं. बॅकअप झालेले फोटो कचरापेटीत 60 दिवस राहतात, तिला आठवण चाळिसाव्या दिवशी झाली म्हणून निभावलं. फक्त मोबाईलमधली प्रत काढायची असेल तर गुगल फोटोमध्येच ‘या डिव्हाइसवरील जागा मोकळी करा’ असं वेगळं बटण आहे, तेच वापरा. ते आधी बॅकअप झालाय का बघतं आणि मग इथली प्रत काढतं.

मोबाईल ‘साफ’ करून देणारी, ‘बूस्ट’ करणारी ॲप टाकू नका. असतील तर काढा. ती स्वतःच जागा खातात आणि वर जाहिराती दाखवतात. मध्येच पडदाभर जाहिरात येत असेल तर ती आल्या आल्या खालचं चौकोनाचं बटण दाबा. मागे उघडी असलेली ॲप रांगेत दिसतील, सगळ्यात पुढे जिचं चित्र दिसतंय तीच चोर.

आता स्मरणिका. खरं म्हणजे याच्यासाठीच मी एवढं लिहायला बसलो.

2006 साली आपल्याकडे बहुतेक मराठी छपाई श्रीलिपी किंवा सीडॅकच्या आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरांवर व्हायची. त्या फाँटांची युक्ती अशी होती की संगणकाला ते इंग्रजीच अक्षर वाटायचं, फाँट फक्त त्या अक्षराच्या जागी मराठी चित्र दाखवायचा. फाइलमध्ये मराठी नव्हतंच कधी. मराठीचा मुखवटा होता. फाँट असेपर्यंत मुखवटा असतो. नव्या विंडोजमध्ये तो फाँट नाही, म्हणून तुम्हाला उघडा चेहरा दिसतोय. युनिकोड या आजच्या पद्धतीत ‘क’ला त्याचा स्वतःचा क्रमांक आहे, तो कुठेही ‘क’च राहतो. म्हणून जुन्या फाँटावर चालणारा मजकूर मोबाईलवर पाठवला की लगेच ओळखू येतो. तुमचाही प्रयोग करून बघा: त्या फाइलमधला एक शब्द उचलून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. काला दिसला तर फाँट जुना.

त्या काल्यावर कर्सर ठेवा आणि वर्डमध्ये वर फाँटच्या चौकटीत नाव वाचा. फाँट संगणकात नसला तरी वर्ड त्याचं नाव लक्षात ठेवतो. ‘श्री-देव’ आणि पुढे चार आकडे, किंवा ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’, असं काही असेल. ते नाव अगदी बरोबर उतरवून घ्या, कारण प्रत्येक कुळाची अक्षरांची मांडणी वेगळी असते. एका कुळाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. तो फाँट मिळाला आणि बसवला की स्मरणिका आहे तशी डोळ्यांसमोर उभी राहील, पानांच्या रचनेसकट. मग आधी तिची पीडीएफ करा. पुढचे सगळे प्रयोग त्यानंतर.

युनिकोडमध्ये बदलून देणारी कन्व्हर्टर आहेत, चांगली आहेत, पण बदलल्यावर मुद्रितशोधन तुम्हालाच करावं लागेल, आणि ते मराठी शिक्षिकेशिवाय दुसऱ्या कुणाला जमणार नाही. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे, रफार अक्षरानंतर. कन्व्हर्टर त्यांची जागा बदलतो, पण जोडाक्षर आलं की गडबडतो. ‘स्थिती’ची पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. दुसरं ठिकाण म्हणजे ‘ऱ’. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ लिहिलेलं असतं आणि बाहेर येतो सह्याद्रीचा दर्या. हे स्पेलचेकला कळत नाही, कारण दर्या हाही बरोबर शब्द आहे.

आणि त्याहून चकवा देणारं: ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात खाली टिंब असलेला ऱ, हलंत आणि य. दुसऱ्यात साधा र, हलंत, मग न दिसणारा एक जोडणारा आणि य. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना संगणक एकाला दुसरा मानत नाही. फाइलमध्ये ‘दुसऱ्या’ डोळ्यांसमोर आहे आणि शोध ‘सापडलं नाही’ म्हणतोय, असं झालं तर वेड लागल्यासारखं वाटून घेऊ नका. डोळ्यांसमोरच्या त्या शब्दातूनच ‘ऱ्या’ची जोडी कॉपी करा, शोधाच्या चौकटीत चिकटवा आणि सगळीकडे ऱ-वाल्या रूपाने बदलून टाका.

काही लेख पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलींत असतील तर त्या घरी उघडायच्या भानगडीत पडू नका. पेजमेकरची शेवटची, 7.0 आवृत्ती 2001 ची. माझ्याकडे एक जुना पीसी मी त्याच कामासाठी जिवंत ठेवलाय. छापील स्मरणिकेची एक स्वच्छ प्रतही असू द्या. एखादी फाइल दगा देईल तर पान स्कॅन करून गुगल डॉक्समध्ये उघडता येतं, मराठी अक्षरं ते बऱ्यापैकी ओळखतं.

शनिवारी दुपारनंतर या, तेव्हा गर्दी कमी असते. लॅपटॉपबरोबर अडॅप्टर आणि पासवर्ड लिहिलेला कागद आणा. आणि ज्या संगणकावर स्मरणिका टाइप झाली त्याच्या सीड्या शाळेत किंवा तुमच्याकडे कुठे पडल्या असतील तर त्या खोक्यात नीट बघा. त्या काळी मराठीची सॉफ्टवेअरं बरेचदा डोंगलवर चालायची, आगपेटीएवढी प्लास्टिकची डबी, संगणकाच्या मागे लावायची. ती ‘कसलातरी जुना तुकडा’ म्हणून हमखास फेकली जाते. सापडली तर तीही पिशवीत टाका.